पेंढ्याचं पारडू

आमची वरची खोली भाड्यानं घ्यायला डॉक्टर आले, पण त्यांनी खोली काही बघितली नाही. जिन्याच्या अलीकडं आमचा गोठा. ते सरळ आत शिरले, म्हशीच्या मागं उकिडवे बसले, ताजं शेण बोटांच्या चिमटीत घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "उत्तम." मग तिथूनच मान वळवून आमच्या ह्यांना विचारलं, "शेठ, कधीपासून राहायला येऊ?"

मी चहाचा कप घेऊन दारात आलेली. त्या हाताकडं बघत तशीच उभी राहिले. त्यांनी माझं तोंड बघितलं असावं. म्हणाले, "वहिनी, चहा राहू द्या. आधी साबण कुठं आहे ते दाखवा."

हे मला आत येऊन हळूच म्हणाले, "येडा हाय गं. पन म्हशीची पारख हाय त्याला." झालं. आमच्या म्हशीला कुणी चांगलं म्हटलं की ह्यांना तो माणूस आवडायचाच. खोली दिली.

तेव्हाचं आमचं कोन गाव म्हणजे अर्ध्या शेतांवर गोदामं आणि उरलेल्या अर्ध्यांना तारेची कुंपणं. दोन हजारच्या पुढची ती वर्षं. आमची पण जमीन गेली, घरावर मजला चढला, दारात जीप आली. भातशेती सुटली, पण म्हैस सुटली नाही. मुलगा म्हणायचा, बाबा, आता पिशवीचं दूध घेऊ. त्या दिवशी ह्यांना जेवण जायचं नाही.

डॉक्टर जनावरांचे. घाटावरचे, एकटे, चाळिशी उलटलेले. स्कूटरच्या हुकाला कायम एक नायलॉनची जाळी लटकलेली आणि तिच्यात लाल साबणाची वडी. बाकीच्यांच्या हुकाला भाजी असते. कुणाच्याही गोठ्यातून बाहेर आले की पाणी मागायचे आणि कोपरापर्यंत हात धुवायचे, असे निवांत, की तांब्या धरलेल्या माणसाचा हात जड व्हायचा. गोठ्यातल्या चपला वेगळ्या, त्या खिळ्याला. घरातल्या वेगळ्या. घरामागच्या आमच्या भाड्याच्या चाळीत कापडाच्या लूमवर ड्युटी करणाऱ्यांची बिऱ्हाडं होती, त्यांची पोरं अंगणात खेळायची. डॉक्टर दिसले की पोरं रांगेनं हात पुढं करायची, कारण ते हाताचा वास घ्यायचे. साबणाचा वास आला तर "उत्तम". नाही आला तर हिंदीत सांगायचे, "जाइए, फिर से आइए." एवढ्याशा पोराला जाइए. कारण त्या माणसाला अरे-तुरे येतच नव्हतं. म्हशीलासुद्धा, "जरा सरका, थोरल्या बाई." आणि आम्ही चार शिव्या घातल्यावरही जागची न हलणारी ती म्हैस सरकायची. माझी नात तेव्हा चार वर्षांची. घरात सगळे तिला बाय म्हणायचे. डॉक्टरांसाठी ती धाकट्या बाई.

शेणाबद्दल बोलायला त्यांना वेळकाळ नव्हता. एकदा टेमघरला आमच्या भाच्याची हळद होती. स्पीकर ढणढणतोय, पंगत बसलीय, आणि ह्यांच्या चुलतभावानं पानावर बसल्या बसल्या सहज विचारलं, "डॉक्टर, माझी म्हैस पातल हगते, काय करू?" डॉक्टरांनी घास खाली ठेवला. रंग कसा, फेस येतो का, आंबूस वास येतो की सडका, मध्ये शेंबडासारखं काही दिसतं का, सगळं नीट विचारून घेतलं. समोर वाटाण्याचा रस्सा. पंगतीतली निम्मी माणसं भाताला हात न लावता उठली. नवरदेवाची आई मला म्हणाली, "ह्याला परत आनशील तर तू बी येऊ नको." मी डॉक्टरांना घरी येताना बोलले. त्यांना माझ्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाले, "वहिनी, तोंडानं माणूस काहीही सांगतो. आतडं खोटं बोलत नाही."

म्हैस व्याली तेव्हाची गंमत सांगते. गंमत आता म्हणते, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आमच्यात म्हैस व्याली की पहिल्या दिवशीचा चीक आळीत वाटायचा. सगळ्यांच्या घरी खरवस झाला पाहिजे, नाहीतर बायका वर्षभर तोंड वाकडं करतात. त्या दिवशीही सकाळपासून पाच-सहा जणी पातेली घेऊन अंगणात. आणि डॉक्टर गोठ्याच्या दारात आडवे उभे. "पहिला मान पारडाचा. त्यांचं पोट भरू द्या, मग तुमचं."

"अहो डॉक्टर, पारडू काय सगला पिनार हाय का?" एकीनं विचारलं.

"पहिल्या दिवशी जे पितील तेच त्यांचं चिलखत. जन्मल्या जन्मल्या त्यांच्या आतड्याला कडी नसते, कुणीही आत शिरतं. हा चीक त्यांचा राखणदार."

"आनि आमच्या पातेल्याला कोन राखनदार?"

सगळ्या हसल्या, डॉक्टर हसले नाहीत. बाटलीनं पारडाला पाजत बसले. दुपार टळली, पातेली रिकामी परत गेली. संध्याकाळी उरल्या चिकाचा मी वाटीभर खरवस केला, तो मात्र वेलची घालून, डोळे मिटून डॉक्टरांनीच खाल्ला. त्यांना खरवस जीव की प्राण होता, हे मला तेव्हा कळलं.

पारडानं छान बाळसं धरलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आणि मग डॉक्टर गावाला गेले, भावाच्या घरी लग्न होतं. जाताना आम्हाला सांगून गेले की गोठा कोरडा ठेवा, पारडू वेगळं बांधा. ह्यांनी ऐकलं आणि "बरं" म्हटलं.

पारडू तीन आठवड्यांचं झालं असेल, त्याला जुलाब लागले. आधी पातळ, मग शेंबूड, मग रक्त. ह्यांनी भाताची पेज पाजली, बेलफळ उगाळून पाजलं, डॉक्टरांच्या दवाखान्यातून त्यांच्या जागचा माणूस येऊन इंजेक्शन देऊन गेला. पारडानं मान टाकली ती टाकलीच. चिकावरून बोललेली ती बाई कुंपणापाशी येऊन मला ऐकवून गेली, "चीक बी गेला आनि पारडू बी गेलं."

आता म्हशीचं असं असतं, की पारडू समोर दिसलं नाही तर ती पान्हा सोडत नाही. दोन वेळा कास दगड. पुढच्या तबेल्यात काम करणारा एक म्हातारा चाचा होता, त्याला ह्यांनी बोलावलं. तो म्हशीकडं बघून म्हणाला, "बच्चा सामने नहीं होगा, तो ये दूध नहीं उतारेगी, सेठ. बच्चा बना देता हूँ." आणि त्यानं बनवलं. मेलेल्या पारडाचं कातडं काढून, मीठ चोळून, वाळवून, आत पेंढा भरून, बांबूच्या चार काठ्यांवर उभं केलं. तबेल्यांमधून हे पहिल्यापासून चालत आलेलं. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. म्हैस त्याला चाटायची आणि दूध द्यायची. मला तिच्याकडं बघून भरून यायचं, एवढंच.

पण बायला ते पारडू फार आवडलं. जिवंत होतं तेव्हा ते दूर पळायचं. हे पळत नव्हतं. शाळेला अजून जात नव्हती ती, दिवसभर गोठ्यात त्याच्या गळ्यात हात घालून बसायची. त्याच्या कानाला आपली लाल रिबीन बांधली. सून म्हणायची, "आई, बरं झालं, एका जागी बसते तरी." मी पण म्हणायचे, बरं झालं.

डॉक्टर गावाहून आले ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी अंगणात वाल सोलत होते. स्कूटर लावून ते नेहमीसारखे आधी गोठ्याकडं वळले आणि दारातच थांबले. मला वाटलं, पारडू गेलं म्हणून वाईट वाटलं असेल. मी उठून मागं गेले. बाय पेंढ्याच्या पारडापुढं मांडी घालून बसलेली. हातात ग्लुकोजचं बिस्कीट. ते पारडाच्या तोंडाला लावायची, "एक तुला," आणि मग तेच बिस्कीट आपल्या तोंडात, "एक मला."

जो माणूस शेण हातात घेऊन हुंगायचा, तो भिंतीसारखा पांढरा पडला होता. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

"वहिनी, पारडू कशानं गेलं?"

"जुलाबानं."

"रक्त होतं?"

"शेवटी शेवटी होतं."

पुढचं काही त्यांनी विचारलं नाही. आत गेले, बायला उचललं, तिच्या हातातलं बिस्कीट फेकलं, नळाखाली नेलं आणि लाल साबणानं तिला घासायला लागले. हात, तोंड, नखं, केस. ती किंचाळतेय, सून धावत आली, "काय करता डॉक्टर, सोडा तिला." त्यांनी सोडलं ते पार धुऊन झाल्यावर. मग ते पारडू काठ्यांसकट उचलून मागच्या अंगणात नेलं, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

पेंढाच तो, भडकन पेटला. म्हशीनं तो वास ओळखला की काय कोण जाणे, दावं तोडायला निघाली आणि अशी हंबरली, की चाळीतून शिफ्ट करून झोपलेली माणसं उठून बाहेर आली. बाय ओल्या अंगानं माझ्या कमरेला धरून बघत होती. रिबीन जळताना तिनं बघितली.  

हे बाजारातून आले तेव्हा राख उरली होती. चिडल्यावर ह्यांचा आवाज बारीक होतो. "डॉक्टर, म्हैस माझी, गोठा माझा. तू कोन रे?"

"जुलाबाचे जिवाणू शेणातून अंगावर येतात, शेठ. मिठानं मरतातच असं नाही. ज्यानं पारडू गेलं, ते त्या कातड्यावर असणार."

"आमच्या बापजाद्यांनी पेंढा भरला. कोन मेला त्यानं?"

"ते मला माहीत नाही. मला धाकट्या बाईंचं बघायचं आहे."

"महिना संपला की खोली खाली कर."

"करतो," डॉक्टर म्हणाले. "पण आठवडाभर मुलीवर लक्ष ठेवा. पोट दुखलं, शौचाला पातळ झालं, तर आधी मला हाक मारा."

"तू ढोरांचा डॉक्टर हायेस," हे म्हणाले.

"आतडं ढोराचंही आतडंच असतं, शेठ."

नंतर रोज सकाळी ते अंगणात उभे राहून आमच्या खिडकीकडं बघत विचारायचे, "धाकट्या बाईंचं पोट कसं आहे?" ज्या सुरात म्हशीचं शेण विचारायचे त्याच सुरात. सून धाडकन खिडकी लावायची. मग ते गोठ्यात जायचे. म्हैस पान्हा सोडत नव्हती, तर तिच्या पाठीला हात फिरवत, समोर पेंड-कोंड्याच्या आंबोणाचं घमेलं धरून तिची समजूत घालत बसायचे, "थोरल्या बाई, चुकलं आमचं. जरा मन मोठं करा." मी खिडकीतून ऐकायचे. हसू यायचं, पण ह्यांच्या भीतीनं हसायचे नाही. गोठ्यात त्यांनी चुना टाकला, जमीन खरवडली. हे बघून न बघितल्यासारखं करायचे.

आणि मग एका सकाळी डॉक्टर विचारायला खाली यायच्या आधी सूनच जिना चढून त्यांच्या दारात गेली.  मी मोरीत जाऊन बघितलं. बायच्या पायाशी नुसतं रक्त. शौच म्हणून काही नाहीच, रक्त आणि शेंबूड.  हेच मी पारडाच्या मागं बघितलं होतं, याच रंगाचं. एकच वस्तू, तिकडं गोठ्यात आणि इकडं माझ्या मोरीत. जनावर वेगळं आणि माणूस वेगळं, असं मी जन्मभर धरून चालले होते.

डॉक्टरांनी मोरीत येऊन बघितलं, वाकून वास घेतला. त्या दिवशी कुणाला किळस आली नाही. सुनेच्या हातात जुलाब थांबवायची गोळी होती, ती त्यांनी काढून घेतली. "ही नको. बाहेर पडतंय ते पडू द्या. लघवी केव्हा झाली?"

सुनेला आठवेना. मलाही आठवेना.

"शेठ, जीप काढा. ठाण्याला."

ह्यांनी लगेच जीप काढली. बायपासला कंटेनरची रांग लागलेली. डॉक्टर उतरून पुढं पळत गेले, हातवारे करत, "भाईसाब, ज़रा बाजू, बच्ची है," आणि एकेक ट्रेलर कडेला घेऊन जीपला वाट करून दिली. बाय माझ्या मांडीवर. मधून मधून पोट धरून वाकडी व्हायची, बाकी निपचित.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. आमचे डॉक्टर तिच्यापुढं हात मागं बांधून उभे राहिले. "मॅडम, मी जनावरांचा डॉक्टर. घरातलं पारडू रक्ती हगवणीनं गेलं. त्याच्या कातड्याशी ही खेळत होती, तोंडातही गेलंय. मूत्रपिंडाकडं लक्ष ठेवावं लागेल असं वाटतं." तिनं लिहिणं थांबवून त्यांच्याकडं बघितलं. "बरं झालं सांगितलंत. बसा," म्हणाली, आणि मग धावपळ सुरू झाली.

त्यांना भीती होती ते झालंच. जुलाब कमी झाले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, तर लघवी थांबली. पोरीचं तोंड सुजलं, रंग पिवळट पडला. तिचं रक्त साफ करायला पोटात नळी घातली. सून तिच्या उशाशी, मुलगा औषधांच्या मागं, आणि आम्ही तिघं बाहेर बाकावर. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हैस तर धडधाकट आहे. मग हिलाच कसं?"

माझ्या खांद्यावर टॉवेल होता, तो त्यांनी मांडीवर पसरला. "वहिनी, आतडं आतून असं असतं. लव असलेलं. या लवेनंच पाणी, अन्न शोषलं जातं. ते जिवाणू येऊन लवेला चिकटतात आणि ती झडवतात. टॉवेलचं फडकं होतं. फडकं पाणी धरत नाही." बोटानं टॉवेलवर एक जागा खरवडून दाखवली. "थोरल्या बाईंच्या पोटात ते राहतात तसे आपले भाडेकरूसारखे. त्यांना त्रास नाही, पत्ताही नाही. लहान पारडाला झेपत नाहीत. आणि लहान मुलांत त्यांचं विष रक्तात उतरतं, ते मूत्रपिंडाला धरतं."

म्हणजे आम्ही घरात जिला लेकीसारखी वाढवली, जिच्या शेणानं अंगण सारवलं, जिच्या पाठीवर बायला बसवलं, तिच्याच पोटात हे होतं, आणि ती निवांत रवंथ करत होती. मी त्या टॉवेलची घडी केली नाही. तो तिथंच बाकावर ठेवला.

हे तोवर ऐकत होते. मग म्हणाले, "आनि तू जाललं न्हाय तं?"

"ती आणखी खेळली असती," डॉक्टर म्हणाले. तेवढंच.

लघवी आली ती एका दुपारी. एवढीशीच, नळीच्या पिशवीत तळाला. नर्सनं सांगितलं तसे डॉक्टर आत गेले, पिशवी उजेडाकडं धरून बघितली, बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी जवळ गेले तर रुमालानं चष्मा पुसत होते, आणि पुसतच राहिले. हे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं माफी मागतील. ह्यांना ते कधी जमलं नाही. म्हणाले, "खोलीचं आता तू काय बोलू नको." डॉक्टर म्हणाले, "बरं."

बाय घरी आली, हळूहळू तिच्या अंगावर मांस आलं. पण डॉक्टरांशी बोलेना. ते समोर आले की तोंड फिरवायची. तिच्या लेखी झालं होतं एवढंच, की या माणसानं तिचं पारडू जाळलं. सून एकदा तिला समजवायला बसली, "अगं, त्या पारडामुलंच तुला..." तर डॉक्टरांनी जिन्यावरून तिला खुणेनं थांबवलं. नंतर आम्हाला तिघांना बसवून म्हणाले, "तिला आत्ता सांगू नका. चार वर्षांच्या मुलीला एवढंच कळेल, की म्हैस मारते. जन्मभर जनावराला भिईल. माझ्यावर राग राहू द्या, म्हशीवर नको. स्वतःचं लेकरू होईल तेव्हा सांगा, तेव्हा कामाला येईल."

ते आणखी वर्षभर आमच्याकडं राहिले. अबोलाही वर्षभर राहिला. पोरांच्या रांगेत हात दाखवायला सगळी यायची, बाय नाही. आज ती मोठी झाली. जनावराचं तिला इतकं वेड, की रस्त्यातल्या गाईला हात लावल्याशिवाय पुढं जात नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की अजून म्हणते, "तो पारडू जाळनारा." गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. म्हणून हे लिहायला बसले.

डॉक्टरांची बदली झाली, त्या दिवशी टेम्पो दारात लागला. सामान ते काय, एक खाट, दोन पेट्या आणि स्कूटर. ते आधी गोठ्यात गेले, म्हशीच्या मागं उकिडवे बसले, नेहमीचं काम केलं, हात धुतले. बाहेर आले तर बाय नळापाशी उभी.

"धाकट्या बाई, राग आहे ना अजून?"

"हाय."

"असू द्या. हात धुतलेत?"

तिनं तोंड म्हशीकडं फिरवून ठेवलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पुढं केले. पाणी अजून निथळत होतं. डॉक्टर वाकले, ते हात नाकाशी नेले आणि जरा वेळ तसेच राहिले.

"उत्तम," म्हणाले, आणि टेम्पोत जाऊन बसले.